स्वतःचं मराठी पुस्तक छापील आणि ई-बुक अशा दोन्ही रूपांत स्वतःच कसं काढावं?

सगळ्यात आधी अक्षरजुळणी करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर तसाच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) देणार का? अजूनही पुष्कळ डीटीपीवाले जुन्या फॉण्टमध्ये काम करतात. छपाईला ते चालतं, पण त्याच फाइलचं ई-बुक करायला गेलात की पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात. मग मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं, आणि त्यात जोडाक्षरं, रफार हमखास बिघडतात. म्हणजे मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून. मी हा ताप दोनशे पानांसाठी सोसलाय.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय संस्थेच्या पोर्टलवर लेखकालाही तो मोफत मिळतो. छापील आवृत्तीला एक आणि ई-बुकला वेगळा, असे दोन घ्या.

पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवली, तर फर्मा (एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) वाया जात नाही. प्रती मात्र बेताने छापा. ‘प्रिंट ऑन डिमांड’मध्ये, म्हणजे मागणी येईल तशी प्रत छापण्यात, प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण पलंगाखाली गठ्ठे साठत नाहीत. (नातेवाईक फुकट प्रती मागतात, तेही हिशेबात धरा.)

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक चालतं. तिथे सत्तर टक्के रॉयल्टी दिसली तरी भारतातल्या विक्रीवर ती हवी असेल, तर ‘केडीपी सिलेक्ट’ या अ‍ॅमेझॉनच्याच योजनेत जावं लागतं आणि त्यात असेपर्यंत ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही.

आणि हो, १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते. इथे प्रकाशक तुम्हीच.