पुन्हा पाठवताना काय बदललंस?

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा नीट वाचला. मुलुंडची सात मजली इमारत, जमिनीखालच्या टाकीत एक सेन्सर, गच्चीवरच्या टाक्यांत दोन, जिन्यात मधेमधे काही नोड, म्हणजे रेडिओवरून निरोप पुढे देणारे छोटे डबे, सगळं बॅटरीवर, आणि सेक्रेटरींच्या घरी गेटवे, म्हणजे सगळ्यांची माहिती गोळा करणारा डबा. पालिकेचं पाणी किती आलं, पंप कधी लावायचा, हे वॉचमनला भर पावसात गच्ची न चढता कळावं, हा हेतू मला मनापासून आवडला. पण एका वाक्याशी अडलो. तू लिहिलं आहेस, ‘सिग्नल कमी पडला तर जास्त पॉवरचा रेडिओ लावू.’ हे सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

आधी बॅटरीचं बघू. अशा नेटवर्कमध्ये रेडिओ पाठवण्यापेक्षा ऐकण्यात जास्त जेवतो, कारण पाठवणं काही मिलिसेकंदांत आटोपतं आणि ऐकणं मात्र कुणी बोलेल या आशेवर चालू राहतं. एके काळी घराघरांत, म्हणजे प्रयोगशाळांत, पोचलेल्या सीसी२४२० चिपला पाठवायला १७.४ मिलिअँपिअर लागायचे आणि ऐकायला १८.८. दोन पेन्सिल सेलची २५०० मिलिअँपिअर-तासांची शिदोरी सतत ऐकत राहिलं तर साडेपाच दिवसांत संपते. आजच्या चिप पाचेक मिलिअँपिअरवर आल्या आहेत, तरी सतत ऐकणारा नोड तीन आठवडे टिकेल. तोच नोड शंभरातला एक भाग वेळ जागा राहिला तर गणित काही वर्षांवर जातं. म्हणून पाठवायची पॉवर वाढवून तू खर्चाच्या लहान बाजूला हात घालतो आहेस, आणि शेजारच्यांसाठी गोंगाट वाढवतो आहेस तो वेगळाच.

आता खात्रीचा प्रश्न. समज, एका टप्प्यावर, म्हणजे एका नोडकडून पुढच्या नोडकडे, दहातली नऊ पाकिटं, म्हणजे रेडिओवरचे छोटे निरोप, पोचतात. पाच टप्पे असतील आणि पुन्हा पाठवायची सोय नसेल, तर शंभरातली ५९ पोचतील. प्रत्येक टप्प्यावर चार प्रयत्न दिले तर कागदावर तोच टप्पा ९९.९९ टक्क्यांवर जातो. हे गणित सगळे करतात आणि सगळ्यांना ते पटतं. त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: चारही प्रयत्नांचं नशीब वेगवेगळं असेल. प्रत्यक्षात पहिला प्रयत्न ज्या कारणाने फसला ते कारण वीस मिलिसेकंदांनी तिथेच असतं. त्याच चॅनलवर (म्हणजे रेडिओच्या त्याच फ्रिक्वेन्सीवर), त्याच नोडला, लगेच पुन्हा पाठवणं म्हणजे घरात कुणी नसताना दार पुन्हा पुन्हा ठोठावणं. म्हणून तुझ्या कोडमधल्या ‘रीट्राय’च्या ओळीपाशी थांब आणि स्वतःला विचार: या खेपेला मी काय बदललं? वेळ बदलली, चॅनल बदलला की वाट बदलली? तिन्हींपैकी काहीच बदललं नसेल, तर तो प्रयत्न गणितात धरू नकोस.

तुझ्याच इमारतीत बघ. पंपरूम स्टिल्टच्या पार्किंगला लागून आहे. सकाळी अकराला तू लॅपटॉप घेऊन गेलास, तेव्हा पार्किंग रिकामं होतं, वायफाय शांत होतं, आणि पंपरूम ते पहिला मजला लिंक उत्तम दिसली. संध्याकाळी आठला पुन्हा जा. लोक कामावरून परतलेले असतात, पंपरूमच्या दाराशी गाडी उभी असते, प्रत्येक घरात वायफायवर काही ना काही चालू असतं. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे. गाडीच्या पत्र्यावरून, लिफ्टच्या दारावरून, सळ्या भरलेल्या भिंतीवरून उसळलेल्या लहरी एकमेकींना कुठे भेटतात आणि कुठे मारतात, हे काही सेंटिमीटरवर बदलतं. सकाळची चांगली जागा संध्याकाळी मृत होते, आणि तिथे पॉवर वाढवलीस तर सरळ आलेली आणि उसळून आलेली लहर दोन्ही सारख्याच वाढतात. पण चॅनल बदललास तर तरंगलांबी बदलते आणि तो मृत बिंदू सरकतो.

हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांच्यात बर्कलीचे क्रिस पिस्टर होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना मांडली आणि पुढे डस्ट नेटवर्क्स या कंपनीत वेळ जुळवून चॅनल बदलत जाण्याची पद्धत कारखान्यांपर्यंत नेली. २००७ साली ती वायरलेसहार्ट या कारखान्यांसाठीच्या मानकात आली, २०१२ मध्ये कमी पॉवरच्या रेडिओंच्या आयईईई ८०२.१५.४ई या मानकात, टीएससीएच (टाइम स्लॉटेड चॅनल हॉपिंग) या नावाने. वेळेचे बहुधा दहा मिलिसेकंदांचे तुकडे, कुणी कुठल्या तुकड्यात बोलायचं आणि कुणी ऐकायचं ते आधी ठरलेलं, आणि प्रत्येक खेपेला १६ चॅनलपैकी वेगळा चॅनल. बाकी वेळ सगळे झोपलेले. बॅटरी आणि खात्री दोन्ही एकाच कल्पनेतून निघतात, हे मला आजही या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. शेजारचं वायफाय आपले चार चॅनल अडवून बसलं तरी बाकीचे उरतात. त्यावर प्रत्येक नोडला दोन पालक, म्हणजे निरोप पुढे नेणारे दोन शेजारी, दिलेस, की वाटही बदलता येते.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टाही परवान्याशिवाय वापरता येतो आणि काँक्रीटमधून तो जास्त बरा जातो. जमिनीखालच्या टाकीसाठी जरूर विचार कर. फक्त तिथे चॅनल बदलायला जागा कमी, हे विसरू नकोस.

टीएससीएच घेतलंस की सगळा भार घड्याळावर येतो, आणि मुंबईची गच्ची घड्याळाची परीक्षा बघते. नोडच्या घड्याळासाठी आपण वापरतो ते ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगात चालतं. तापमान त्याहून वर गेलं किंवा खाली आलं, दोन्हीकडे ते मंदावतं, तेही फरकाच्या वर्गाच्या पटीत. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या बंद डब्यात ६० अंश झाले तर ते दहा लाखांत सुमारे ४२ भागांनी मागे पडतं. पंपरूममधलं क्रिस्टल त्याच वेळी जवळजवळ बरोबर असतं. म्हणजे दोघांत दर मिनिटाला अडीच मिलिसेकंदांचा फरक. ऐकणारा साधारणपणे ठरल्या वेळेच्या मागेपुढे एकेक मिलिसेकंद कान उघडा ठेवतो. तो काठ २४ सेकंदांत ओलांडला जातो. मग नोड ‘हरवतो’, आणि दुपारी हरवणारा नोड संध्याकाळी आपोआप सापडल्यामुळे दोष शोधणारा चक्रावून जातो. दर पाकिटाच्या पोचपावतीत वेळेची दुरुस्ती पाठव, दोन पाकिटांत फार अंतर पडत असेल तर मधे एक छोटं पाकीट टाक, आणि नोडला स्वतःचं मागे पडणं शिकू दे. डबा पांढरा घे आणि टाकीच्या सावलीत लाव. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता एक गोष्ट जी आराखड्यात कुणीच लिहीत नाही. गणपतीत सेक्रेटरींचं कुटुंब कोकणात जाईल आणि जाताना घरातला मेन स्विच बंद करील. गेटवे बंद. इमारतीतले सगळे नोड आता नेटवर्क शोधत बसतील, आणि शोधणं म्हणजे रेडिओ सतत चालू. पाच मिलिअँपिअरने दहा दिवसांत १२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे जवळपास निम्मी बॅटरी, एकही आकडा न पाठवता गेली. अशी नेटवर्कं मी मरताना पाहिली आहेत, आणि दोष दर वेळी बॅटरीच्या माथी मारला गेला. शोधायची वेळ दर अपयशागणिक दुप्पट कर, तासाला काही सेकंदांवर आणून थांबव. तोवरची मोजमापं वेळेसकट नोडच्या फ्लॅश मेमरीत साठव.

पाठवायचं किती, हाही विचार कर. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू हे दोघे आज इथेच, पवईला आयआयटीत शिकवतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रेल्वेपुलांवर नजर ठेवण्यासाठी केलेलं ‘ब्रिमॉन’चं काम २००८ साली प्रसिद्ध झालं. पुलावरचे नोड एरवी झोपलेले, येणाऱ्या गाडीची चाहूल लागली की जागे, आणि जमलेली माहिती जाणाऱ्या गाडीलाच सोपवायची. दूरच्या केंद्रापर्यंत नोडांची लांब साखळी ओढण्याची गरजच त्यांनी काढून टाकली. प्रश्न इतका जवळून ओळखणं मला प्रोटोकॉलपेक्षा मोठं वाटतं. तुझ्या टाकीची पातळी दर दहा सेकंदांना कुणालाच नको आहे. ती चार बोटं हलली की पाठव. मात्र काहीच हललं नाही तरी ठरावीक वेळाने ‘मी आहे’ एवढं कळव, सोबत अनुक्रमांक आणि रेडिओ चालू असतानाचं बॅटरीचं व्होल्टेज. नाहीतर टाकी स्थिर आहे की नोड मेला आहे, हे वॉचमनला कसं कळणार?

नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात लावलेल्या एका नेटवर्कातून अपेक्षेच्या जेमतेम २ टक्के माहिती हाती आली. त्या लोकांनी २००६ साली ते अपयश उघडपणे लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. घात एका कारणाने नव्हता झाला, बारीकसारीक चुकांची रांग होती. असे लेख शोधून वाच, यशाच्या लेखांआधी.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच कर. नुसता जलरोधक डबा पुरत नाही. उन्हात तापलेला डबा पहिल्या सरीने एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि गॅस्केटच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट लाव आणि केबल खालून आत घे. बोर्डावरचा फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर, धुऊन मगच कोटिंग मार. ओलसर फ्लक्समधून १०० किलोओहमची वाट तयार झाली तरी तीन व्होल्टवर ३० मायक्रोअँपिअर गळतात, आणि तुझा नोड झोपेत दोनच घेणार आहे.

ते दोन मायक्रोअँपिअर खरंच दोन आहेत का, हे बघायला महागडं यंत्र नको. लॅमिंग्टन रोडवरून १००० मायक्रोफॅरडचा, कमी गळतीचा कपॅसिटर आण. आधी तो एकटाच भरून ठेव आणि त्याची स्वतःची गळती बघ. मग झोपलेल्या नोडला बॅटरीऐवजी तो जोड. ३.३ चं २.३ व्होल्ट व्हायला आठेक मिनिटं लागली तर हिशेब बरोबर. मिनिटभरात उतरला तर कुठलीतरी पिन लोंबकळते आहे किंवा रेग्युलेटरच खातो आहे.

सुरक्षेचं थोडक्यात: ८०२.१५.४ च्या मानकात १२८ बिटांचं एईएस, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची पद्धत, आहेच, ते चालू ठेव आणि नमुना कोडमधली किल्ली बदल.

आता लगेच करायचं काम. एकही नोड कायमचा ठोकू नकोस. डबे दोरीने बांध, आठवडाभर रात्रंदिवस, सगळ्या १६ चॅनलांवर पाकिटं पाठवत राहा, आणि किती पोचली त्याचा तासवार, चॅनलवार तक्ता मला पाठव. रविवार त्यात यायलाच हवा, कारण त्या दिवशी गाड्या हलत नाहीत. तक्ता आला की दुसरे पालक कुठे लागतात ते आपण इमारतीत फिरून ठरवू. पुढच्या महिन्यात शनिवारी दुपारी मला मुलुंडला यायला जमेल. गच्ची आणि पंपरूम, दोन्हींच्या चाव्या वॉचमनकाकांकडून आधी मागून ठेव.

सस्नेह,
तुझा सर