काटा हलत नाही म्हणून रडू नका, पण टेप तपासून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं माझीच जुनी पोस्ट कोणीतरी वर काढली. अडीच महिने चालणं आणि वजनं उचलणं चालू, काटा ६८ वर चिकटलाय आणि ब्लाउज मात्र सैल होतायत, तर खरं काय धरायचं? ब्लाउजचं धरा. व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरतात, पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, रविवारी मिसळ हाणली की सोमवारी काटा किलोभर वर. ते सगळं चरबी नसतं.

आता माझी चूक सांगते. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली जुनी कापडी टेप होती, त्यावर मी कंबर मोजायचे. दहा आठवड्यांत ३६ ची साडेचौतीस झाली, मी हवेत. मग एकदा ती टेप सापडेना म्हणून गोखले रोडवरून नवी आणली आणि मोजते तर सव्वापस्तीस! म्हणजे एका आठवड्यात पाऊण इंच वाढली?? मी घाबरून भात बंद केला, रात्रीचं जेवण बंद केलं, तीन आठवड्यांनी ठाणे स्टेशनचा पूल चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, मग वैतागून सगळंच सोडलं ते चार महिने.

शेवटी ब्लाउजवाल्या काकूंनी पकडलं. जुनी टेप (सापडली एकदाची) स्टीलच्या फूटपट्टीवर ठेवली, तर टेपचा १२ चा आकडा पट्टीच्या १२ च्या दोन सूत, म्हणजे पाव इंच पुढे. "अगं ही लांबलीये, ही कमीच दाखवणार." म्हणजे आधीची ३६ पण खरी पावणेसदतीसच होती, आणि कमी झालेला दीड इंच खराच होता! टेप मध्येच बदलली आणि मी रडत बसले.

तेव्हा एकच टेप धरा आणि आधी ती पट्टीला लावून बघा. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी चहाच्या आधी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास नेहमीसारखा सोडून. पोट आत ओढायचं नाही, टेप रुतवायची नाही. दंड, मांडी, नितंब पण लिहा. आपल्या बायकांसाठी कंबर ८० सेंमीच्या आत बरी म्हणतात, पण पहिल्या दिवसापासून त्या आकड्याच्या मागे लागू नका.

जिमवाल्यांबद्दल बोलायलाच नको. आमच्याकडच्या एकाने पहिल्या दिवशी टी-शर्टवरून सैल माप घेतलं आणि पॅकेज संपताना आवळून, वर म्हणे "मॅडम, तीन इंच गेले, रिन्यू करा". मशीनवर उभं करून चरबीचा कागद देतात तोही पाणी प्यायल्यावर बदलतो, मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

मी डॉक्टर नाही हां. थायरॉईड वगैरे असेल किंवा काही न करता कंबर वाढत असेल तर दाखवून घ्या.

आणि ब्लाउज इतक्यात अल्टर करायला टाकू नका, टाकलेत तर आत मार्जिन ठेवायला सांगा. मी उत्साहात सहा करून घेतले, त्यातले चार परत उसवले.