काढून ठेवलेले कपडे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत साधना आहे, सेवा आहे, घरच्यांचा रुसवा आहे. आजारी पडलीस तर काय, याबद्दल एक ओळ नाही. तुझ्या वयात ती सुचत नाही. मलाही सुचली नव्हती. आध्यात्मिक संस्थेत सेविका म्हणून राहायला तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण सामान बांधण्याआधी हे जरा रुक्ष पत्र वाच.

मी १२ वर्षं निवासी सेविका होते, त्यातली शेवटची पाच कार्यालयात, हिशेबाच्या टेबलाशी. ‘संस्था सगळं बघते’ हे वाक्य आधी मी ऐकलं आणि नंतर नव्यांना मीच ऐकवलं. ते खोटं नसतं. फक्त त्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा संस्थेने बिल भरलं, एक विश्वस्त रात्रभर दवाखान्यात बसून राहिले. त्याच वर्षी दोन दाढांच्या रूट कॅनालसाठी माझा अर्ज तीनदा परत आला. शेवटी निरोप मिळाला, दाताविना सेवा अडत नाही. पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. आपल्याला दुखतंय हे आपल्याच गुरुबंधूंपुढे सिद्ध करायचं, तेही लेखी.

ही माणसं निष्ठुर नव्हती. देणगी येते ती सभागृहाला, शिखराला, उत्सवाला. सेवकाच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी कुणी पावती फाडत नाही. त्यामुळे मोठं, अचानक आलेलं दुखणं निभावतं, कारण त्यासाठी सगळे धावतात. रोजचं, चिवट दुखणं मात्र उपरं राहतं: गुडघे, दात, चष्मा, झोप न लागणं, मनाचं खचणं. शेवटच्या दोन गोष्टींना तर ‘साधना कमी पडते’ हे औषध ठरलेलं. तू ते घेऊ नकोस, डॉक्टरकडे जा.

विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ. त्यातल्या महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. बुद्ध आपल्या शिष्याला, आनंदाला घेऊन निवासस्थानं पाहत फिरत होते, त्यांना तो दिसला. दोघांनी त्याला धुतलं, उचलून मंचकावर निजवलं. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं का नाही, असं विचारल्यावर उत्तर आलं की तो इतर भिक्खूंसाठी काही करत नव्हता. तेव्हा बुद्ध म्हणाले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? मला यातलं ते उत्तर जास्त अस्वस्थ करतं. अडीच हजार वर्षांपूर्वीही उपयोग संपला की माणूस खोलीत एकटा पडत होता. (तिथेच पुढे मृत भिक्खूचं भिक्षापात्र आणि चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, शुश्रूषा करणाऱ्यांना देण्याची मुभा आहे. सेवेची किंमत ठरवायला बुद्धही लाजले नाहीत.)

कायदा आपल्या बाजूने असेल अशा भ्रमात राहू नकोस. ब्रिटनमध्ये धर्मादाय धार्मिक समुदायात राहून काम करणाऱ्या सदस्यांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलेलं आहे. अमेरिकेत दारिद्र्याचं व्रत घेतलेल्यांना सरकारी निवृत्तिवेतनात आणण्याची वाट १९७२च्या दुरुस्तीने खुली झाली, तीही संस्थेने स्वतःहून निवड केली तरच. पगार नाही तर निवृत्तिवेतनाची वर्गणी कशावर मोजायची? तिथल्या कायद्याने राहणं, जेवण, कपडे यांचीच किंमत धरली. तोवर तिथल्या कितीतरी नन्सनी नाममात्र मानधनावर शाळा आणि दवाखाने चालवण्यात आयुष्य घातलं होतं. नव्या मुली येत आहेत तोवर म्हाताऱ्यांचं निभावत होतं. त्या यायच्या थांबल्या आणि निवृत्तीसाठी बाजूला काही ठेवलेलंच नाही हे उघड झालं. १९८८पासून म्हाताऱ्या झालेल्यांसाठी देशभरच्या चर्चमधून दरवर्षी वर्गणी गोळा केली जाते. म्हणून संस्थेत गेलीस की सगळ्यात तरुण सेवकाकडे पाहू नकोस, सगळ्यात वयस्कर सेवकाच्या खोलीत जाऊन बस. त्यांची औषधं कोण आणतं, विचार. ते काय सांगतात यापेक्षा सांगताना कुठे थांबतात याकडे लक्ष दे.

मग कार्यालयात. विमा संस्थेच्या नावावर गटाचा आहे की तुझ्या नावावर? गटविमा बहुधा तू बाहेर पडलीस की संपतो, आणि नवा घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी पुन्हा काही वर्षं थांबावं लागू शकतं. तेव्हा लहान रकमेचा का होईना, स्वतःच्या नावाचा विमा आत्ता, धडधाकट असतानाच घे. हप्ता घरचे भरत असतील तर संकोच करू नकोस. दवाखान्यात भरती न होता झालेला खर्च कोण देतं? सेवा करताना शिडीवरून पडलीस तर? मध्यरात्री भरती करायची वेळ आली तर पैसे सोडायचा अधिकार कुणाला आहे, आणि तो माणूस गावाला गेला असेल तर? उत्तरं कागदावर माग. ‘इतका अविश्वास?’ असं कुणी म्हणालं तर सांग, तुम्ही बदललात तरी कागद राहील, म्हणून मागते. बँकेचं खातं, पदवीची कागदपत्रं, ओळखपत्रं तुझ्याच ताब्यात ठेव. हातखर्चातून महिन्याला जे उरेल ते त्या खात्यात टाक. पहिल्या वर्षात दागिना, जमीन, साठवलेले पैसे यांतलं काही अर्पण करू नकोस, कितीही भरून आलं तरी.

उरला प्रश्न बाहेर पडण्याचा. तो तू विचारणार नाहीस, मला माहीत आहे. मीही विचारला नव्हता, आणि १२ वर्षांनी फाटकाबाहेर आले तेव्हा भाड्याच्या खोलीची अनामत भरायला धाकट्या भावापुढे हात पसरला.

सहाव्या शतकात बेनेडिक्ट या ख्रिस्ती संताने मठासाठी नियम लिहिले. आजाऱ्यांची काळजी सगळ्याच्या आधी, असं त्यातलं ३६वं प्रकरण सांगतं. ५८व्या प्रकरणात नव्याने येणाऱ्याला वर्षभरात तीनदा सगळी नियमावली वाचून दाखवायला सांगितलं आहे. पटत असेल तर राहा, नाहीतर मोकळेपणाने जा. वर्षानंतर तो राहिला, व्रत घेतलं, की त्याला मठाचा वेष द्यायचा. आणि त्याच्या अंगावरून उतरवलेले कपडे टाकून द्यायचे नाहीत. ते कपाटात जपून ठेवायचे, म्हणजे कधी काळी तो निघाला तर त्याला परत देता येतील.

जाशील तेव्हा त्यांना विचार, माझे कपडे कुठे ठेवाल?

तुझी,
ताई