स्वीडनच्या शाळेत मुलांना करिअरची वाट कोण दाखवतं?

ताई, मुलगी सातवीत आहे, पुढच्या वर्षी योतेबोरीला (गोथेनबर्गला) येताय, आणि इथे करिअर काउन्सेलर कुठे मिळेल की पुण्यातूनच अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट करून आणू, असं विचारलंत.

टेस्टवर पैसे घालवू नका. इथे हे काम शाळेचंच आहे, तेही कायद्याने. २०१०च्या शाळा कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. शाळा नगरपालिकेची असो वा खासगी संस्थेची, मार्गदर्शनासाठी पैसे पडत नाहीत. ते करणाऱ्याला शाळेत सगळे 'स्यूव' म्हणतात. या पदावर कायम व्हायला त्याच विषयाचं शिक्षण लागतं. स्टॉकहोम, माल्मो आणि उमेओच्या विद्यापीठांत त्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शिवाय आठवीपासून पुढे 'प्राओ' असतं: मुलांनी किमान दहा दिवस खऱ्या कामाच्या ठिकाणी जायचं, दुकान, बालवाडी, वर्कशॉप, कुठेही. २०१८पासून ते सक्तीचं आहे. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना जड जाते. स्यूव 'सायन्स घे' असं सांगत नाही. तो मुलीला विचारतो, तिच्यासमोर पर्याय मांडतो, निर्णय तिचा. तुम्ही भेटीला जरूर जा, पण उत्तरं तिलाच देऊ द्या.

खरी घाई वेगळीच आहे. नववीच्या हिवाळ्यात जिम्नासियमसाठी, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या तीन वर्षांसाठी, अर्ज भरावा लागतो. अठरा राष्ट्रीय शाखा आहेत: बारा व्यवसायशिक्षणाच्या, सहा उच्चशिक्षणाकडे नेणाऱ्या. पहिल्या प्रकाराला आठ विषयांत पास लागतं, दुसऱ्याला बारा. दोन्हीकडे स्वीडिश, इंग्रजी आणि गणित हवंच. दुसरी भाषा म्हणून शिकलेली स्वीडिशही चालते. उशिरा आलेली हुशार मुलं अडतात ती इथेच, आणि मग आधी भाषेच्या तयारी-वर्गात जावं लागतं. म्हणून स्वीडिश आजच सुरू करा, आणि जमलं तर येणं लांबवू नका.

व्यवसाय शाखेचं नाव ऐकून घाबरू नका. २०२३पासून त्या शाखांतही उच्चशिक्षणाच्या मूलभूत पात्रतेचे विषय आधीपासूनच धरलेले असतात. नको असतील तर विद्यार्थ्याने ते सोडायचे.

मार्गदर्शन सगळीकडे सारखं मिळत नाही. काही शाळांत एकाच स्यूवकडे खूप मुलं असतात आणि भेट नववीपर्यंत लांबते. वाट बघू नका. प्रवेशाच्या पहिल्याच भेटीत स्यूवची वेळ मागा, स्वीडिश समजत नसेल तर दुभाषाही मागा.