फॅट बर्नरचा डबा उघडण्याआधी

फॅट बर्नर म्हणजे चरबी कमी करायला म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या. आधी लेबल वाच. बहुतेक गोळ्यांत थोडंफार काम करतं ते कॅफीन. त्याने उष्मांक थोडे जास्त जळतात, पण एक-दोन पोळ्या जास्त खाल्ल्या की हिशेब बरोबर! शिवाय शरीराला सवय होते, मग तेवढाही फरक राहत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- गोळी, वर कॉफी, वर प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर, तिच्यातही बहुधा कॅफीन असतं). निरोगी प्रौढासाठी सगळं मिळून दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा. छाती धडधडली तर गोळी लगेच बंद.
- संध्याकाळचा डोस. झोपेचं खोबरं होतं.
- उपाशीपोटी ग्रीन टी अर्काचे मोठे डोस. यकृताला इजा होऊ शकते.

‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहिलेला डबा घेऊच नकोस, कशाचं प्रमाण किती ते कळत नाही. बीपी असेल तर आधी डॉक्टर. आणि आजपासून जेवण वहीत लिहायला लाग, जमेल तुला.