गळती वरून शोधा

प्रश्न : आमच्या मानेवाड्याच्या अंगणात सासऱ्यांची १९९७ ची मारुती ८०० उभी असते. रोज सकाळी खाली तेलाचा डाग. गॅरेजवाले म्हणतात, मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, "आई, मीच करतो." त्याच्या हाती पान्हा द्यावा का? आणि काम झाल्यावर गल्लीत एक चक्कर मारू द्यावी का?
— एक आई, नागपूर

उत्तर : द्या ना ताई, पण गळती सापडेपर्यंत एकही बोल्ट पिळू देऊ नका. आयटीआयमध्ये शिकवताना हेच पाहत आलो : तेल दिसलं की पोरगं आधी हाताशी असलेला बोल्ट आवळतं. तेल मात्र वरून खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. डाग जिथे, गळती तिथेच असं नसतं.

इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) आणि वायरींवर प्लास्टिक बांधा. ब्रशने, थोड्या डिझेलने इंजिन घासून कोरडं पुसा. डिझेल पूर्ण वाळल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. प्लास्टिक काढून संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. मग मोठ्या माणसाने इंजिन दहा मिनिटं चालवावं, मुलाने बेल्ट आणि पंख्यापासून लांब उभं राहून बघावं. पावडरीवर ओला ओघळ उमटतो. तो वर कुठवर जातो ते शोधायचं.

सगळ्यात आधी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात इंजिनाची धग. जुनं रबरी पॅकिंग पापडासारखं कडक होतं. पॅकिंग स्वस्त आहे आणि ते बदलायचं काम मुलाच्या आवाक्यातलं. बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. जोर लावला की पॅकिंग चेपून बाहेर येतं. सिलिकॉन थापायचा मोह नको. त्याचे तुकडे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथे, पडून तेलाची जाळी बुजवतात. इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइपही साफ करा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगसुद्धा गळतं.

माझा खरा संशय मात्र डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेल्या रबरी रिंगवर आहे. या गाडीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. तिथून झिरपलेलं तेल थेट गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं, आणि सगळे मागच्या सीलला दोष देतात. रिंग बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि डिस्ट्रिब्युटर हलवण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बिघडेल. हे काम ओळखीच्या मिस्त्रीसमोर करा.

चेंबरपर्यंत पाळी आली, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. विटांवर तर नाहीच, बाप्पा! लोखंडी स्टँड भाड्याने आणा. ओघळ खरंच मागच्या सीलपाशी निघाला तर गाडी गॅरेजला द्या, ते घरचं काम नाही.

राहिली गल्लीतली चक्कर. नाही म्हणजे नाही. कार चालवायला वय १८ हवं. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चाचणीची फेरी तुम्ही किंवा सासरे मारा, तो शेजारच्या सीटवर बसेल.