जिल्हा परिषदेच्या शाळेला पैसा नेमका कुठून येतो?

शाळा जिल्हा परिषदेची म्हणून खर्चही तीच करते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात सर्वात मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा, आणि तो राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. पगारबिलं 'शालार्थ' या राज्याच्या ऑनलाइन पगार प्रणालीत भरली जातात. जिल्हा परिषद फक्त वाटप करते. खासगी अनुदानित शाळांचे पगारही राज्यच देतं, काहींना अजून टप्प्याटप्प्यानं, म्हणजे २०, ४० टक्के असं.

दुसरा ओघ 'समग्र शिक्षा'चा. २०१८ पासूनची ही योजना; केंद्र ६०, राज्य ४० टक्के. गणवेश, पुस्तकं, वर्गखोल्या यासाठी. शालेय पोषण आहारातही शिजवण्याच्या खर्चाची वाटणी हीच, तांदूळ मात्र केंद्राचा.

खरी ओढाताण होते ती संयुक्त शाळा अनुदानात, म्हणजे 'समग्र शिक्षा'तूनच शाळेच्या रोजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेत. ते पटावर ठरतं: तीसपर्यंत मुलं असतील तर योजनेच्या निकषानुसार वर्षाला १०,००० रुपये. त्यातच खडू, वीजबिल, नळदुरुस्ती, स्वच्छता. पट कमी म्हणून वीजबिल तेवढं कमी येत नाही, त्यामुळे वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळांवर हा निकष मला सरळ अन्यायाचा वाटतो. हप्ता उशिरा आला की मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भागवतात. तुमच्या गावात हे पैसे कसे खर्च झाले, ते शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. पालकांचा तो हक्क आहे.